उचलाउचल

‘लिफ्ट’ हे क्रियापद वापरून पाच वाक्यं लिहा, असं सातवीच्या वर्गाला सांगितलं होतं. बहुतेक वह्यांत पहिलं वाक्य एकच: ही लिफ्ट्स अ बॉक्स. कोण हा ‘ही’, कसलं खोकं, कुठं नेतोय, काही पत्ता नाही. गाइडात आहे म्हणून सगळा वर्ग ते खोकं उचलतो. एका वहीत मात्र वेगळं वाक्य निघालं. ‘माय फादर लिफ्टेड वन लाख रुपीज फ्रॉम मुकादम.’

मी हसलो. इंग्रजीत त्याचा अर्थ, बापानं मुकादमाचे लाख रुपये लांबवले. लाल पेन टेकवला आणि मग लक्षात आलं. पोरगं बीडकडचं. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीच्या टोळीत आलेलं, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आमच्या वर्गात बसणारं. त्याच्या डोक्यातलं वाक्य अगदी सरळ होतं: माझ्या वडिलांनी मुकादमाकडून लाखाची उचल घेतली. मी फळ्यावर लिहिलेल्या शब्दाला त्यानं घरातला शब्द जोडला होता. खोक्यापेक्षा त्याचं वाक्य शंभर पटीनं खरं होतं. त्या दिवसापासून ही वही. उचलण्याबद्दल जे कानावर पडेल ते टिपायचं.

*

आमच्या अकलूजला ‘उचल’ म्हटलं की आधी पैसेच आठवतात. दोन्हीकडचे.

ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब ‘कोयत्या’वर चालतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कागदावर एक हत्यार, फडात दोन माणसं. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम कोयत्यामागं उचल देतो, आणि मग पाच-सहा महिने तोडून, मोळ्या बांधून, वाहून ती फेडायची. ‘उचल अंगावर आहे’ असं म्हणतात. डोक्यावर कर्ज असतं, उचल अंगावर असते. फेडली की ‘फिटली’, नाही फिटली की बाकी पुढच्या साली.

दुसरी उचल ऊसवाल्याची. हंगाम तोंडावर आला की गावोगावच्या पारावर एकच प्रश्न: यंदा पहिली उचल किती? ऊस शेतकऱ्याचा, वर्षभर पाणी त्यानं पाजलेलं, कारखान्याच्या काट्यावर वजन झालेलं. तरी हातात येणाऱ्या पहिल्या हप्त्याचं नाव ‘उचल’. कायद्यात लिहिलंय की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत दर द्यायचा, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. २००९ पासून त्या दराला एफआरपी म्हणतात. एफआरपी आता शेंबड्या पोराच्याही तोंडात आहे. पण ‘उचल’ हा शब्द काही हटला नाही. स्वतःच्याच मालाचे पैसे उसने घेतल्यासारखं बोलायची आपल्याला सवय झालीय.

मजूर काम करायच्या आधी उचलतो, शेतकरी माल दिल्यावर उचलतो. एकच शब्द. दोघंही फडाच्या बांधावर समोरासमोर उभे असतात तेव्हा तो कुणाच्या बाजूचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

फड हा शब्दही तसाच. उसाचा फड आणि तमाशाचा फड. तमाशातले कलावंतही मालकाकडून हंगामाची उचल घेतात. अकलूजला लावणी स्पर्धा व्हायच्या तेव्हा पुढच्या रांगेत ऊसवाले बसलेले असत आणि मंचावर नाचणारीच्या अंगावर कुठल्या तरी थिएटरची उचल असे. टाळ्या वाजवताना ही बेरीज कुणी करत नाही. मीही तेव्हा केली नव्हती.

*

इंग्रजीत उचलायला तीन-चार शब्द आहेत आणि पोरं त्यांत हमखास गटांगळ्या खातात. लिफ्ट, रेज, हॉइस्ट, पिक अप. मी त्यांना असं सांगतो: जमिनीपासून सुटं झालं की लिफ्ट. एक टोक जाग्यावर राहून दुसरं वर गेलं की रेज. हात, भिंत, झेंडा. दोरानं, साखळीनं, दम लावून वर ओढलं की हॉइस्ट. खाली पडलेलं सहज हातात घेतलं की पिक अप. व्याकरणाच्या पुस्तकात हे असं सापडणार नाही, आणि चार ठिकाणी हा नियम तोंडावर पडतोच. पण सातवीला पुरतो.

मराठीत आपण उंचीकडं बघत नाही, वस्तूकडं बघतो. पोतं उचलायचं, पाणी उपसायचं, भिंत घालायची, मांडव उभारायचा, कढई चुलीवर चढवायची, काठी उगारायची, पदर सावरायचा. इंग्रज या सगळ्याला दोन शब्दांत गुंडाळेल. आपल्या बाईला विचारा, कढई ‘उचलून’ चुलीवर ठेवली का? ती म्हणेल, कढई चढवलीय.

यातले पुष्कळ शब्द ‘उ’नं सुरू होतात, कारण मुळात संस्कृतातला ‘उद्’ बसलाय. उद् आणि चल् मिळून उचल. उद् आणि स्था मिळून ऊठ. उगवणं, उडणं, सगळी त्याच घरातली. ‘उतरणं’सुद्धा ‘उ’नंच सुरू होतं, म्हणून हा नियम पोरांना सांगत नाही.

*

रेज आणि राइज. सूर्य ‘रेजेस’ असं दर वर्षी कुणीतरी लिहितं. म्हणजे सूर्य पहाटे उठून दुसऱ्या कुणाला तरी उठवतो.

यावर मला एक युक्ती सापडली, आणि ती मराठीनंच दिली. वाक्य मनात मराठीत म्हणा. मधे ‘व’ आला तर रेज, नाही आला तर राइज. भाव चढला: राइज. भाव चढवला: रेज. धुरळा उठला, धुरळा उठवला. पगार वाढला, पगार वाढवला. एवढासा ‘व’ कर्ता आत आणतो. पोरांना ही युक्ती इतकी आवडली की एकानं बोर्डाच्या पेपरात कच्च्या कामाच्या पानावर नुसते ‘व’ काढून ठेवले होते.

अडचण ‘उचलणं’पाशी येते. त्यात ‘व’ नाही आणि तरी ते कुणीतरी करावं लागतं. भाव आपोआप चढतो, पोतं आपोआप उचलत नाही. एका हुशार पोरीनं विचारलं, ‘सर, मग उचलवतो कसं?’ कारण ‘व’ घातला की अर्थ भलतीकडंच जातो. ‘मला उचलवत नाही.’

आणि हे वाक्य इंग्रजीत नेऊन दाखवा म्हणावं. आई शेवटी शेवटी पाण्याचा हंडा दाखवून म्हणायची, ‘हे आता मला उचलवत नाही रे.’ व्याकरण बघा. ‘मी’ नाही, ‘मला’. उचलायचं काम जणू हंड्याकडंच आहे आणि तोच ते करायला तयार नाही. इंग्रजीत ‘आय कान्ट लिफ्ट इट’ म्हटलं की सगळा कमीपणा ‘आय’च्या गळ्यात. मराठीनं आईला त्या वाक्यात हंड्याशेजारी, जराशी बाजूला उभी केली होती. पितळेचा हंडा, काठाला एक पोचा, गळ्याशी चिंध्यांची चुंबळ अडकवलेली. तो अजून मोरीत पालथा आहे.

*

हात वर करणं. करोनाच्या काळात आम्हां मास्तरांचं प्रशिक्षण मोबाइलवर चालायचं. पडद्यावर पिवळा पंजा असतो, ‘रेज हँड’. साहेब म्हणाले, ज्यांना हा उपक्रम जमणार आहे त्यांनी हात वर करा. माझ्या शेजारचा गुरुजी हळूच म्हणाला, ‘जमणार नाही म्हणूनच तर हात वर करायचे असतात!’

ग्रामसभेत ठरावाला हात वर करणारा आणि त्याच ठरावाच्या वर्गणीला गेल्यावर हात वर करणारा माणूस एकच असू शकतो. पहिल्यात एक हात असतो, दुसऱ्यात दोन, फरक एवढाच. ‘हात उचलला’ म्हणजे मारलं, ‘हात उगारला’ म्हणजे मारता मारता थांबला. बोट वर केलं तर उत्तर येतंय, करंगळी वर केली तर बाहेर जायचंय. आमच्या वर्गात मान वर न करता नुसत्या बोटांवरून मला सगळं कळतं.

*

झेंडा. पंधरा ऑगस्टला इंग्रजी माध्यमाच्या फलकावर ‘फ्लॅग होस्टिंग’ लिहिलेलं असतं. होस्ट म्हणजे यजमान. झेंड्याचं यजमानपद! उचलली जीभ लावली टाळ्याला. फलक रंगवणाऱ्याचा दोष नाही, सूत्रसंचालकही तेच म्हणतो. शब्द ‘हॉइस्ट’. तो जहाजावरचा; उत्तर समुद्रावरच्या डच आणि जर्मन खलाशांच्या तोंडून इंग्रजीत आला, शीड दोरानं वर ओढण्यासाठी. म्हणून झेंड्याला नेमका बसतो: खांब, कप्पी, दोर, आणि खाली उभा राहून ओढणारा माणूस.

सरकारी मराठीत ध्वजारोहण. पण कुणी पोरगं घरी सांगतं का, ‘आई, उद्या ध्वजारोहण आहे’? ते म्हणतं, ‘झेंडावंदन आहे, इस्त्रीचा शर्ट दे.’ इंग्रजाला दोर ओढणारा दिसला, आपल्याला समोर उभे राहिलेले दिसले. झेंडा ‘उचलला’ असं तर कुणीच म्हणत नाही. लावला, चढवला, फडकवला, रोवला.

सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर ६ एप्रिल १९३० ला राष्ट्रध्वज चढला. चढवणारे पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर. दांडीला मीठ उचललं त्याच दिवशी. (इथं ‘उचललं’ चालतं, मुठीत मावतं ना.) पुढच्याच महिन्यात शहरात मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. शाळेच्या मैदानावर दोराची गाठ अडकते, झेंडूच्या पाकळ्या पुडीतच राहतात, पीटीचे मास्तर घामाघूम होतात, तेव्हा पोरं हसतात. मी हसू देतो.

*

एका कारखान्याच्या यार्डात गेलो होतो, भाच्याला गव्हाण दाखवायला. ऊस ज्या पट्ट्यावरून आत गाळायला जातो त्याला कारखान्यात गव्हाणच म्हणतात, गोठ्यातल्यासारखी. टायरगाडीतल्या मोळ्यांखालून साखळ्या घातलेल्या. वर क्रेनचा आकडा. खालचा माणूस आकडा अडकवतो, बाजूला सरतो, अंगठा आभाळाकडं करतो आणि ओरडतो, ‘हाबीस!’ गाडीभर ऊस अधांतरी. थोडं पुढं सरकलं की हाताचा पंजा खाली दाबत ‘आरिया... आरिया...’ आणि तो सगळा भार गव्हाणीत अलगद बसतो. अलगद म्हणजे तीस फुटांवर उभं राहून बघणाऱ्याला. जवळ गेलो तेव्हा जमीन हादरत होती.

‘हाबीस’ म्हणजे वर, ‘आरिया’ म्हणजे खाली. मुंबईच्या गोदीत हेच ऐकलंय, पुलाच्या कामावर हेच. ‘आरिया’ पोर्तुगीज; शीड, दोर खाली सोडायला त्यांचा ‘आरियार’ शब्द आहे. समुद्रापासून इतक्या आत, नीरेच्या काठी, एक पोर्तुगीज खलाशी रोज शेकडो वेळा ओरडतो आणि उसाच्या मोळ्या उतरवतो. भाच्यानं विचारलं, हे इंग्लिश आहे का? आकडा अडकवणारा म्हणाला, ‘नाही ओ, क्रेनची भाषा हाय.’

बाया मात्र फडात हाबीस म्हणत नाहीत. तीस-चाळीस किलोची मोळी, दुसरी बाई हात लावते, पहिली गुडघा टेकून मान खाली घालते, श्वास धरते, उठते. मग कलत्या फळीवरून ट्रॉलीत चढते. त्या हात लावण्याला मला ठाऊक असलेल्या कुठल्याच भाषेत वेगळं क्रियापद नाही. ‘हात लाव गं’ एवढंच.

*

‘आमची लिफ्ट हाय नदीवर.’ बाहेरगावच्या पाहुण्याला हे वाक्य कळत नाही. अकलूजच्या आसपास दोन मजल्यांची घरं मोजकी होती तेव्हापासून शेतात लिफ्ट आहे. नदीवर मोटर, तिथून पाइप, मैल-दोन मैल लांब माळावर पाणी. सरकारी कागदावर ‘उपसा जलसिंचन योजना’. भाषांतर करणाऱ्यानं डोकं लावलं होतं. पाणी उचलत नाहीत, उपसतात, हे त्याला ठाऊक होतं. लोकांनी ‘लिफ्ट’च ठेवलं, कारण कर्जाच्या अर्जावर तेच छापलेलं असायचं.

त्याआधी मोट. बैल उताराच्या धावेवरून खाली जायचे आणि विहिरीतून मोट वर यायची. थारोळ्यात आली की सोंदूर ओढला जाऊन सोंड मोकळी व्हायची आणि पाणी भडाभडा पाटात. बैल मागं सरकत परत वर आले की मोट खाली. वर नेण्यासाठी खाली चालायचं. ‘लिफ्ट’चं हे चित्र काढून दाखवलं तर पोरांना मोट म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं.

इमारतीतल्या लिफ्टला सरकारी शब्द ‘उद्वाहन’. पाटीवर ‘उद्वाहन बंद आहे’ असं वाचलं. पाटी नवी होती.

*

लिफ्ट म्हणजे चोरीसुद्धा. दुकानातून माल पळवणारा तो शॉपलिफ्टर. मराठीतही उचलणं म्हणजे चोरणं. दुसऱ्याचा लेख आपल्या नावावर छापला तर उचलेगिरी. दोन भाषांना हा एकच आडमार्ग सुचावा याचं आश्चर्य वाटतं, पण फार नाही. चोर करतो ते डोळ्यांना उचलण्यासारखंच दिसतं.

मात्र मराठीत तो शब्द अख्ख्या जमातीला नाव म्हणून लागला. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे पुस्तक १९८७ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवादाचं नाव ‘द ब्रँडेड’. म्हणजे डाग दिलेला, शिक्का मारलेला. अनुवादात ‘लिफ्टर’ घातला असता तर शब्दाला शब्द जुळला असता आणि अर्थ हातचा गेला असता. तो शिक्का १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं मारला, जन्मतःच गुन्हेगार. कायदा १९५२ मध्ये गेला. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिला आजही लोक ‘सेटलमेंट’च म्हणतात.

पोलिसांनी ‘उचललं’ हेही दोन्ही भाषांत आहे. तिथं कुणी चोरी म्हणत नाही.

*

साहेबाची उचलबांगडी झाली. पेपरातला लाडका शब्द. मूळ प्रकार असा की दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय, आणि नको म्हणणाऱ्या पोराला शाळेत आणून टाकायचं. बदलीचा हुकूम आलेल्या अधिकाऱ्याचं तसं चित्र डोळ्यासमोर आलं की बातमी वाचायला बरी वाटते.

*

फोन उचल. आता उचलायला काही उरलेलं नाही, काचेवर बोट सरकवायचं. तरी ‘उचलत नाही’ म्हणजे रागावलाय. इंग्रज फोन संपवताना ‘हँग अप’ करतो, टांगतो, कारण त्याचा जुना फोन भिंतीवर होता. आपण ‘ठेवतो’, कारण आपल्या घरात आला तो टेबलावरचा, क्रोशाच्या रुमालाखालचा.

*

संत तुकाराम महाराजांची पालखी सराटीला मुक्कामी असते. पादुकांना नीरेचं स्नान, मग पूल ओलांडून सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला. माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण. पालखी रथातून उतरवून खांद्यावर घेतात तेव्हा काय म्हणतात, ते मुद्दाम कान देऊन ऐकलं. कुणीही ‘उचला’ म्हणत नाही. ‘खांदा द्या माउली.’ आणि निघताना ‘पालखी उठली’. तिथं ‘व’ नाही. ती आपली आपण उठते.

‘कधी उचलणार?’ हा प्रश्न वेगळ्याच दारात विचारतात, हळू आवाजात, बाहेर चपला काढलेल्या लोकांत. तिथंही खांदाच देतात.

*

मार्चमध्ये पट्टा पडला. बीडकडच्या पोराची वही माझ्याकडं राहिली होती म्हणून तळावर द्यायला गेलो. राहायची कोपी मोडलेली, चिपाडं आणि तट्ट्या बाजूला पडलेल्या. ट्रकात भांडी, कोंबडीची पाटी, एक सायकल. बाप दोर आवळत होता. मी वाक्य दुरुस्त केलं होतं: ‘टुक अॅन अॅडव्हान्स’. व्याकरण बरोबर झालं होतं. पोरानं वही उघडून बघितलं.

‘सर, लिफ्टेड चुकलं का?’

म्हटलं, अर्धं बरोबर होतं. बापाला विचारलं, यंदा फिटली का?

‘न्हाई सर. बारा हजार ऱ्हायले.’ त्यानं दोराचं टोक पोराकडं टाकलं. ‘धर रे, वढ.’